स्वारगेटला उतरलं की मैदान

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये पुण्याचं अंतर किलोमीटरात कुणी सांगत नाही. सकाळची यष्टी धरली की जेवायच्या वेळेला स्वारगेट, एवढा हिशोब पुरतो. नीरा, जेजुरी, सासवड, मग दिवेघाट उतरून हडपसर आणि शेवटी स्वारगेट. माझ्या आधीच्या दोन पिढ्यांचं पुणं म्हणजे त्या स्टँडपासून पायी जाता येईल तेवढाच भाग. मंडई, लक्ष्मी रोड, सारसबागेतला गणपती आणि त्या बागेशेजारचं नेहरू स्टेडियम. त्यापलीकडच्या पुण्यात आमची माणसं फक्त दवाखान्यासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी गेली.

नेहरू स्टेडियम १९६९ सालचं, पुणे महापालिकेच्या मालकीचं. आज त्याचं नाव काढलं की पुण्यातली मंडळी म्हणतात, ते आता संपलं, गहुंजेला नवं झालं ना. हे 'संपलं' मला मान्य नाही. जुनं मैदान दुरुस्त करायचं की सोडून देऊन नवं बांधायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळा सोडवला आहे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यातले काही निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं, असं दोन्ही इथे मांडतो.

सुरुवात तात्यांपासून करावी लागेल. तात्या म्हणजे माझे आजोबा. त्यांना क्रिकेट कधी कळलं नाही, पण मैदान कळत होतं. तरुणपणी ते नीरा स्टेशनवर मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसून कोल्हापूरला कुस्त्या बघायला जात. बरोबर शेजारपाजारचे चारदोन गडी, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले तेव्हापासून तर आमच्या भागातून कोल्हापूरची वारीच सुरू झाली, असं तात्या सांगत. जत्रेतल्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात केलेली ही माणसं. त्यांना कोल्हापूरच्या खासबाग मैदानात नुसतं बसायला मिळालं तरी वर्षभर पुरायचं.

"आरं, कुठंबी बस. पार वरच्या पायरीला बस. पैलवानाच्या पायाचा अंगठा दिसतोय," हे तात्यांचं खासबागेचं वर्णन. आम्ही पोरं हसायचो. पुढे मी स्वतः तिथे जाऊन वरच्या कडेला बसलो तेव्हा लक्षात आलं की तात्या अतिशयोक्ती करत नव्हते. मधोमध उंचावलेला लाल मातीचा आखाडा, आणि त्याच्या चारी अंगांनी चढत गेलेली बैठक. मधे खांब नाही, आडोसा नाही. पुढच्याचा फेटा मागच्याच्या डोळ्यांत येत नाही. आखाड्यातली ती मातीही जवळून बघण्यासारखी असते. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली, मुठीत धरली तर गोळा होईल आणि सोडली तर भुगा. त्या दिवशी एक वस्ताद पोरांकडून फावड्यानं ती माती खालवर करून घेत होते. पोरगं थांबलं की म्हणायचे, "खालची वर आली न्हाई अजून."

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्या मल्लांना हवं हे त्यांच्या मनानं घेतलं. १९०७ ला काम सुरू झालं, १९१२ ला मैदान खुलं झालं. गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीनं त्याची सुरुवात झाली. शेजारीच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ मध्ये. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं. एका आवारात कुस्ती आणि नाटक, दोन्ही गावाच्या मध्यभागी. तात्या म्हणायचे की महाराजांनी मैदान गावाबाहेर न्यायला काय जागा नव्हती होय? सगळं संस्थान त्यांचंच होतं. पण माणूस बाजारहाट करून कुस्ती बघायला आला पाहिजे, म्हणून मधे बांधलं. हे कारण मला कुठल्या कागदात सापडलेलं नाही. तात्यांनी ते आपल्या अनुभवातून काढलं होतं, आणि मला ते पटतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दूरदर्शनवर आगीचे लोळ बघताना आमच्या गावातली, आयुष्यात त्या नाट्यगृहात पाऊल न टाकलेली माणसंही हळहळली. जळितानंतर कुणी म्हणू शकलं असतं की शंभर वर्षांची इमारत होती, आता उपनगरात मोठं, वातानुकूलित, वाहनतळासकट नवं बांधू. कोल्हापूरकरांनी ते होऊ दिलं नाही. जसं होतं तसंच, त्याच जागी, ही मागणी पहिल्या दिवसापासून लागली. शासनानं ती मान्य केली आणि पैसे दिले. आत सुरक्षेच्या, विजेच्या, आवाजाच्या सोयी आजच्या, पण वास्तू तीच. म्हातारी वास्तू मोडली म्हणून कुणी तिचा पत्ता बदलला नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी, आणि ती सांगताना आमचे अण्णा, म्हणजे थोरले चुलते, नेहमी तापायचे. अण्णा काही वर्षं गिरणीत होते. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईच्या क्रिकेट संघटनेला आपल्याच शहरातल्या कसोटीसाठी क्लबाकडे तिकिटं मागावी लागत आणि क्लब देईल तेवढी घ्यावी लागत. त्यावरून बिनसलं. शेषराव वानखेडे तेव्हा संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान बांधून दाखवलं आणि १९७५ च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या. एक चांगलं मैदान उभं असताना शेजारी दुसरं बांधलं, हा पैशाचा खेळ झाला असं अण्णांचं मत. तरी ते पुढे हेही म्हणायचे, "पर लोकल तीच राहिली." ब्रेबॉर्नला चर्चगेटला उतरायचं, वानखेडेलाही चर्चगेटलाच. जो गिरणी कामगार पाळी बदलून ब्रेबॉर्नला जायचा तो वानखेडेलाही गेला. मैदान बदललं पण बघणारा तुटला नाही.

वानखेडेही पुढे म्हातारं झालं. २०११ च्या विश्वचषकाआधी ते हलवण्याऐवजी तिथल्या तिथे पाडून बांधून नवं केलं, वर छप्पर आलं, खुर्च्या आल्या. मात्र पूर्वी पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणूस मावायचा, तो आकडा तेहतीस हजारांवर आला. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याची सर्वसामान्यांना विकत मिळतील अशी तिकिटं होती फक्त चार हजार. डागडुजीतही कुणाची जागा कमी होते, याचा हिशोब मागायला हवा. आणि ज्या ब्रेबॉर्नवर कसोटीच्या दृष्टीनं काट मारली होती, तिथे २००९ मध्ये पुन्हा कसोटी झाली, सेहवागनं २९३ केल्या. म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी मोडीत काढलेलं मैदान अडीनडीला उपयोगी आलंच.

आता पुण्याकडे येतो.

नेहरू स्टेडियमवरचा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ५ डिसेंबर १९८४ ला झाला, भारत विरुद्ध इंग्लंड. अण्णा तोवर मुंबई सोडून गावी आले होते. सोमेश्वर कारखान्याचा गळीत हंगाम जोरात, उसाला तोड आलेली, आणि अण्णा तोडकऱ्यांना मुकादमाच्या हवाली करून पहिल्या यष्टीनं पुण्याला. आजीनं त्यावरून पुढे किती वर्षं ऐकवलं. वेंगसरकरनं १०५ केल्या आणि गॅटिंगनं नाबाद ११५ करून सामना काढून नेला. भारत हरला. अण्णांच्या तोंडी मात्र हरल्याचं दुःख कधी आलं नाही. त्यांना आठवायच्या त्या डिसेंबरच्या उन्हातही तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्या, वर्तमानपत्राच्या टोप्या, शेजारी बसलेल्या पेठेतल्या गृहस्थानं त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकरी मागून खाल्ली ते. आणि गॅटिंगनं मारलेला एक चेंडू थेट सारसबागेच्या गणपतीच्या पायाशी गेला, हेही. मी तो चेंडू तपासायला गेलो नाही.

१९८७ च्या विश्वचषकात तिथे इंग्लंड-श्रीलंका सामना झाला. पण ज्यासाठी ते मैदान जगाला माहीत आहे तो दिवस २९ फेब्रुवारी १९९६. केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. आमच्या शाळेतले एक मास्तर त्या दिवशी कामासाठी पुण्यात गेले होते. काम लवकर उरकलं, यष्टीला वेळ होता, म्हणून स्टँडवरून चालत स्टेडियमवर गेले. केनिया १६६ वर बाद झाली तेव्हा मास्तर उठणारच होते, आता बघायचं काय उरलं म्हणून. लारा खेळायला आला की बघून निघू, असं त्यांनी ठरवलं. लारा ८ वर बाद. रजब अलीच्या चेंडूला कड लागली आणि केनियाचा तो जाडजूड यष्टिरक्षक तारिक इक्बाल यानं ग्लोव्ह्ज आणि मांड्या यांच्यामध्ये कसाबसा चेंडू दाबून धरला. मास्तर वर्गात उभे राहून ते करून दाखवायचे, दोन्ही गुडघे जुळवून, डस्टर पोटाशी धरून. ओडुंबेनं दहा षटकांत १५ धावांत तीन गडी टिपले. दोन विश्वचषक जिंकलेला संघ ९३ वर आटोपला. मास्तरांची यष्टी चुकली. रात्री स्टँडच्या बाकड्यावर काढून ते पहाटेच्या गाडीनं आले आणि तसेच शाळेत गेले.

जगाच्या क्रिकेटमधला एवढा मोठा धक्का कोऱ्हाळ्याच्या एका मास्तरांनी प्रत्यक्ष पाहिला, कारण मैदान यष्टी स्टँडजवळ होतं. त्यांनी महिनाभर आधी तिकीट काढलं नव्हतं, गाडी केली नव्हती, कुणाची ओळख लावली नव्हती. वेळ होता, पाय होते, चालत गेले.

मग पुण्यात मुंबईचीच गत झाली. महापालिका मालक, महाराष्ट्र क्रिकेट संघटना सामने भरवणारी. सामना आला की तिकिटांच्या वाटपावरून तंटा. शेवटी संघटनेनं स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं. स्वारगेटच्या पायऱ्यांना तडे गेले म्हणून हे झालेलं नाही. मालक आणि वापरणारा यांचं पटेना म्हणून झालं. २००५ च्या नोव्हेंबरात भारत-श्रीलंका सामना झाला आणि नेहरू स्टेडियमवरचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून गहुंजे गावात नवं स्टेडियम उभं राहिलं, १ एप्रिल २०१२ ला त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षपदी आमचे बारामतीचे शरद पवार होते, त्यामुळे आमच्याकडे पारावर त्या दिवशी अभिमानाच्याच गप्पा होत्या.

गहुंजेला मी नावं ठेवणार नाही. खेळपट्टीपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर मोकळी जाते. पुण्याला कसोटीचा मान मिळाला तो याच मैदानामुळे, २०१७ च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. त्या सामन्यात ओकीफनं बारा बळी घेऊन आपल्याला ३३३ धावांनी हरवलं, तो भाग सोडा. २०२३ च्या विश्वचषकातले पाच सामने तिथे झाले, कोहलीनं बांगलादेशविरुद्ध शतक ठोकलं. मात्र बऱ्याच प्रेक्षकांच्या डोक्यावर अजून छप्पर नाही. आणि कोऱ्हाळ्याच्या माणसाला ते पुण्याच्या पार पलीकडच्या अंगाला आहे. स्वारगेटला उतरून पुन्हा सगळं शहर ओलांडायचं, पुढे हमरस्त्यावरून वाहन बघायचं. रात्रीचा सामना सुटला की परतीची यष्टी कुठली? स्वतःची चारचाकी असलेलाच तिथे जातो. आमच्या गावातून आता जाणारी पोरं आहेत, चौघं मिळून गाडी करतात, जाऊन येतात. पण अण्णांसारखा एकटा शेतकरी, मास्तरांसारखा वेळ काढायला आलेला माणूस त्या गर्दीतून गळाला, आणि तो गळाला याची नोंद कुठल्याही हिशोबात झाली नाही.

परदेशातही हे चाललेलं असतं. अमेरिकेत बेसबॉलसाठी घुमटाची प्रचंड स्टेडियमं बांधली गेली. सिएटलचं किंगडोम १९७६ चं. १९९४ मध्ये सामन्याआधी त्याच्या छताच्या जड फरशा खाली बसायच्या जागेवर पडल्या. अफाट पैसा ओतून छत दुरुस्त केलं, आणि २६ मार्च २००० ला ते सगळंच सुरुंग लावून उडवलं. उडवलेल्या स्टेडियमचं कर्ज मात्र लोक २०१५ पर्यंत फेडत होते. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम १९६५ चं, जगातलं तसलं पहिलं. संघ १९९९ नंतर नव्या मैदानात गेला, घुमट अजून उभा आहे, २०१७ ला त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही मिळाला, पण आत खेळ नाही. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या घुमटाचं कापडी छप्पर २०२४ च्या ऑक्टोबरातल्या चक्रीवादळानं फाडून नेलं. त्याच्या काही महिने आधीच नव्या स्टेडियमचा करार झाला होता, तो मोडला, आणि शहरानं जुन्यावरच नवं छप्पर बसवायचं ठरवलं. आमच्याकडे उसाचं बिल वेळेवर आलं नाही तर माणूस जुन्याच घराचे पत्रे बदलून घेतो, तेवढ्याच साध्या कारणानं.

मी सरसकट जुन्याच्या बाजूचा नाही. आमचं गाव ज्या नीरा डाव्या कालव्यावर जगतं, तो १८८५ च्या सुमारास सुरू झाला. त्याला पाणी भाटघरचं. पहिलं धरण पुरेना, म्हणून तिथेच जास्त उंचीचं लॉईड धरण बांधलं, ते १९२८ साली पूर्ण झालं. जुनं धरण डागडुजी करून ठेवलं असतं तर आमच्या रानात आज ऊस दिसला नसता. तात्यांचे वडील त्या वेळचे. ते सांगत की पाटाला पाणी वाढलं आणि ज्वारी-बाजरीच्या रानात उसाची सरी पडली. नवं बांधलं, मोठं बांधलं, पण पाणी त्याच पाटानं त्याच शिवारात आलं. धरण बांधणाऱ्यांनी ज्यांच्यासाठी बांधायचं ती माणसं सोडली नाहीत. मैदानाचा निवाडाही मी याच कसावर करतो. जुनं पाडा किंवा ठेवा, पण आधी येणारा माणूस नंतरही येऊ शकतो का ते बघा. खासबाग आणि वानखेडे या कसाला उतरतात. गहुंजे, आमच्यापुरतं तरी, उतरत नाही.

म्हणून नेहरू स्टेडियम पाडायला माझा विरोध आहे आणि ते नुसतं पडू द्यायलाही आहे. २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटला भुयारी मेट्रो आली. यष्टी स्टँड आहेच. शहरात याहून सोयीच्या ठिकाणी मैदान मिळणार नाही आणि आता अशी मोकळी जमीन कुठल्याही पैशानं मिळणार नाही. तिथे आंतरराष्ट्रीय सामना परत आणा असा माझा हट्ट नाही. पायऱ्या नीट करा, निम्म्या तरी भागावर सावली करा, प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ मुतारी ठेवा, पावसाचं पाणी निचरेल असं मैदान करा. रणजी, महिलांचे सामने, मुलांच्या स्पर्धा तिथे भरवा. बारामतीसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर २०२० च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला, आमच्या गावची पोरं मोटारसायकलवर जाऊन बघून आली. बारामतीला जमतं ते स्वारगेटला न जमायला काही कारण नाही.

पुणे महापालिका आणि क्रिकेट संघटना यांनी तिकिटांचा जुना वाद मिटवून एका टेबलावर बसावं. गहुंजेच्या सामन्याच्या दिवशी स्वारगेटहून थेट बस सोडावी आणि सामना संपल्यावर ती परतही आणावी. आणि नीरा-बारामती पट्ट्यातल्या वाचकांना माझं सांगणं आहे की आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हे पत्रानं कळवा, आणि रणजी सामना जवळपास असेल तेव्हा पोरांना घेऊन जा. बहुतेक ठिकाणी त्याला तिकीट लागत नाही.